एमबीबीएस झालं, आता प्लॅब द्यायची की नीट पीजी परत? सोलापूरच्या एका ज्युनियरला सविस्तर उत्तर

तुझा मेसेज नीट वाचला. प्रश्न थोडक्यात असा ना: आपल्या सिव्हिलमधनं एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली, नीट पीजीत रँक अशी आली की मेडिसिन-सर्जरी सोड, क्लिनिकल काहीच पदरात पडेना, क्लासवाले म्हणतात अजून एक वर्ष दे, इंग्लंडमधल्या लेस्टरचे दाजी म्हणतात कशाला की, प्लॅब (बाहेरच्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करायला लागणारी परीक्षा) दे आणि ये इकडं, एका एजन्सीनं साडेतीन लाखात एनएचएसमधली (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) नोकरी "गॅरंटी"नं देतो म्हणून सांगितलंय आणि बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला लूमचा शेड गहाण टाकायला निघालेत. वर दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्याचं वेगळं टेन्शन.

मी त्याच कॉलेजची, वैशंपायनचीच. आमच्या वेळी डिग्रीवर शिवाजी विद्यापीठाचा शिक्का असायचा यावरनं वयाचा अंदाज घे. इथंच महाराष्ट्रात एमडी मेडिसिन केलं, मग एमआरसीपी (ब्रिटनच्या रॉयल कॉलेजची मेडिसिनची परीक्षा), मग इंग्लंड, आता तिथं वृद्धांच्या मेडिसिनमध्ये कन्सल्टंट आहे. ज्युनियर डॉक्टरच्या जागा निघाल्या की अर्ज चाळायला आणि इंटरव्ह्यूला पॅनेलवर मीच बसते, त्यामुळं टेबलाच्या पलीकडनं काय दिसतं ते सांगू शकते, आणि तेच तुला कोण सांगत नाहीये.

सरळ उत्तर आधी देते म्हणजे खाली वाचायचा कंटाळा आला तरी चालेल. आत्ताच्या परिस्थितीत नुसत्या एमबीबीएसवर, कर्ज काढून, फक्त प्लॅबच्या भरवशावर निघू नको. परीक्षा अवघड आहे म्हणून नव्हे, परीक्षा तू पास होशील, सिव्हिलला कॅज्युअल्टी केलेला मुलगा पास होतोच. अडचण पास झाल्यावर आहे. प्लॅब पास होणं आणि नोकरी लागणं या दोन गोष्टी आता पार वेगळ्या झाल्यात. आणि या रस्त्यावर जे जे तू पैसे देऊन मिळवशील त्या प्रत्येकाला एक्सपायरी डेट आहे. त्यामुळं पहिले पैसे आणि पहिली वर्षं अशा गोष्टीत घाल जी एक्सपायर होत नाही.

दाजींचं खोटं नाहीये, त्यांच्या काळात तसंच होतं. ब्रिटनमध्ये आधी तिथल्या आणि युरोपातल्या डॉक्टरांना जागा दाखवायच्या, उरल्या तर बाहेरच्यांना असा नियम होता, तो २०१९-२० च्या सुमारास डॉक्टरांसाठी गेला आणि आपल्या पोरांना स्पेशालिटी ट्रेनिंगला (म्हणजे तिथल्या पीजीला) पहिल्याच फेरीत अर्ज करता यायला लागला. त्यात कोविड आला, हॉस्पिटलांना माणसं हवी होती, प्लॅब २ चा निकाल आला की महिन्या-दोन महिन्यात नोकरी असं चाललं होतं. त्या वर्षांत गेलेल्यांचे व्हिडिओ तू आज बघतोयस. मग झालं काय की जगातले सगळेच त्या दारात उभे राहिले. २०२५ च्या भरतीत ट्रेनिंगच्या साधारण १० हजार जागांसाठी ३० हजारांच्या वर डॉक्टरांनी अर्ज केले, तिथली स्वतःची पोरं रस्त्यावर यायची वेळ आली, त्यांच्या संघटनेनं आवाज उठवला आणि जुलै २०२५ मध्ये सरकारनं दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात लिहूनच टाकलं की ट्रेनिंगच्या जागांना ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना आधी प्राधान्य. त्यानंतरचा वारा त्याच दिशेनं आहे. मला त्यांचा राग येत नाही, आपणही इथं एमबीबीएसला ८५ टक्के स्टेट कोटा ठेवतोच की.

मग उरतात ट्रेनिंगबाहेरच्या नोकऱ्या, ज्यांना ट्रस्ट ग्रेड, क्लिनिकल फेलो अशी नावं आहेत. पूर्वी बाहेरनं आलेला डॉक्टर आधी हीच नोकरी धरायचा, एक-दोन वर्षं काढायचा आणि मग ट्रेनिंगला घुसायचा. आता त्याच नोकरीला ट्रेनिंग न मिळालेले तिथले ग्रॅज्युएटही अर्ज करतात. आमच्याकडं एका जागेची जाहिरात पडली की काही तासांत शेकड्यांनी अर्ज येतात आणि आम्ही मुदतीआधीच ती बंद करून टाकतो, नाहीतर वाचणार कोण? पहिल्या चाळणीत काय बघतो ते सांगते, कारण त्यावरनं तुला काय करायचं ते कळेल. एक, एनएचएसमध्ये आधी काम केलंय का. तुझं नसणारच, पण शंभरातल्या चाळीस जणांचं असतं. दोन, शेवटचं पेशंट कधी बघितलं. इंटर्नशिप संपून दीड वर्ष घरी बसून परीक्षाच देतोय असा माणूस तिथंच बाजूला पडतो, कितीही मार्क असोत. तीन, अर्जात स्वतःचं काही लिहिलंय का, की कुठल्यातरी ग्रुपवरनं उचललेला परिच्छेद चिकटवलाय. "आय ॲम अ हार्डवर्किंग टीम प्लेयर" हे मी इतक्या वेळा वाचलंय की आता डोळे आपोआप पुढं जातात. त्यापेक्षा एखाद्यानं लिहावं की मी एका ग्रामीण रुग्णालयात रात्री एकटा असायचो, सर्पदंशाचे पेशंट यायचे, व्हेंटिलेटर नव्हता, मग आम्ही कुणाला कधी पुढं पाठवायचं याचा एक साधा तक्ता केला आणि सहा महिन्यांनी तो पाळला जातोय का ते तपासलं. त्याला ऑडिट म्हणतात, आणि ते करायला लंडन लागत नाही, मंगळवेढ्यात पण होतं.

आता परीक्षेचं, कारण तुला ती द्यायचीच असेल तर डोळे उघडून दे. प्लॅब १ म्हणजे १८० प्रश्न, ३ तास, एकच बरोबर उत्तर, आणि भारतातही सेंटर असतात. अभ्यास हॅरिसनचा नाही, तिथल्या नाइस गाइडलाइन्सचा (कुठल्या पेशंटला काय उपचार याचे तिथले सरकारी नियम). नीट पीजीवाल्यांना हे सुरवातीला जड जातं कारण आपल्याला दुर्मिळ एन्झाइम पाठ असतात आणि प्रश्न असतो की छातीत दुखणाऱ्या माणसाला जीपीनं (फॅमिली डॉक्टरनं) आता पुढं काय करावं. इंग्लंडमधल्या वयस्कर बाईला काय होतं असा विचार करायची सवय लागली की पेपर सोपा आहे.

प्लॅब २ फक्त मँचेस्टरला होते. १६ स्टेशन, प्रत्येकी ८ मिनिटं, आत नट बसलेले असतात पेशंट म्हणून. इथं आपली पोरं जी अडकतात ती ज्ञानानं नाही अडकत. सिव्हिलच्या ओपीडीत आपण काय करतो आठव. एका सकाळी दीडशे पेशंट, टेबलाभोवती सहा जण उभे, आपण मान वर न करता "काय होतंय, किती दिवस, खोकला आहे का, जीभ दाखवा" आणि चिठ्ठी. त्या गर्दीत तेच बरोबर आहे, दुसरं काही केलं तर संध्याकाळपर्यंत लाइन हलणार नाही. पण मँचेस्टरच्या त्या खोलीत बाईला विचारावं लागतं की तुम्हाला स्वतःला काय वाटतंय हे कशामुळं असेल, कशाची भीती वाटतेय, माझ्याकडनं काय हवंय. हे तीन प्रश्न अकॅडमीवाले पाठ करून घेतात आणि मग सगळेजण पोपटासारखे एकाच सुरात विचारतात, आणि समोरच्याला तेही लगेच कळतं. बाई म्हणते माझी बहीण कॅन्सरनं गेली, आणि डॉक्टर म्हणतो "ओके, एनी ॲलर्जीज?" संपलं तिथंच.

दुसरं, आणि हे परीक्षेपुरतं नाही, तिथं रोजच्या कामात सगळ्यात जास्त हेच टोचतं. आपल्याकडं रिपोर्ट वाईट आला की आपण पोराला बाहेर व्हरांड्यात बोलावतो, पोरगा म्हणतो साहेब, आबांना सांगू नका, आणि आपण मान हलवतो. तिथं आबांना आधी सांगायचं, पोराला आबांनी परवानगी दिली तर. आबांना समजून-उमजून निर्णय घेता येत असेल तर निर्णय आबांचा, मग तो आपल्याला कितीही चुकीचा वाटो, त्याचा कायदाच आहे २००५ चा, मेंटल कपॅसिटी ॲक्ट. आणि हृदय बंद पडलं तर सीपीआर करायचं की नाही हे बोलणं ड्युटीवर अधनंमधनं करावंच लागतं, तेही पहिल्या नोकरीत, तेही रात्री दोन वाजता फोनवर मुलीशी. भाषेचंही तसंच. आपल्या ओपीडीत तेलुगू बोलणारी विडी कामगार आजी आली की सोबतची नात सांगते आणि काम भागतं, सोलापूरचे आपण, कानडी-तेलुगू-दखनी थोडं थोडं सगळ्यांनाच येतं. तिथं नातीला दुभाषी करायचं नाही, हॉस्पिटलचा दुभाषी फोनवर घ्यायचा, कारण नातीपुढं आजी काय काय बोलणार नाही याचा विचार करायचा असतो. मला हे पटायला वेळ लागला पण आता इथं सुट्टीत आले आणि कुणी व्हरांड्यात बोलावलं की मलाच अवघडल्यासारखं होतं.

मराठी मीडियमचं टेन्शन मात्र सोड. इंग्रजीसाठी आयईएलटीएस ॲकॅडमिक दिलीस तर एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, किंवा ओईटी (डॉक्टर-नर्ससाठीची इंग्रजीची परीक्षा) दिलीस तर चारही भागांत बी ग्रेड, म्हणजे किमान ३५०. तू ओईटी दे. आयईएलटीएसच्या रायटिंगमध्ये "शहरांत सायकलींना प्रोत्साहन द्यावं का" यावर निबंध लिहिताना चांगली चांगली कॉन्व्हेंटची पोरं साडेसहावर अडकतात. ओईटीत रेफरल लेटर लिहायचं असतं आणि पेशंटशी बोलायचं असतं, म्हणजे आपलंच काम. सवय एवढीच लागते की केस पेपरवरचं सगळं उतरवायचं नाही, समोरच्या डॉक्टरला जे लागतं तेवढंच. इंग्रजी सिनेमे बघून काही होत नाही, रोज एक पत्र लिहून कुणाकडनं तरी तपासून घे.

कागदपत्रांवर जरा जास्त लिहिते कारण आपल्या महाराष्ट्रातली पोरं इथं महिनोन्‌महिने घालवतात आणि याला अक्कल लागत नाही, फक्त आधी सुरू करावं लागतं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कुठं आईचं नाव पण. पासपोर्टवर वेगळाच क्रम, कधी गिव्हन नेममध्ये नाव आणि वडील एकत्र. एमएमसीच्या (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या) सर्टिफिकेटवर तिसरंच, आणि दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर गुरुजींनी केलेलं स्पेलिंग. मुलींचं तर विचारूच नको, लग्नानंतर नाव बदललं की डिग्री एका नावावर, रजिस्ट्रेशन दुसऱ्या, आधार तिसऱ्या. जीएमसी, म्हणजे तिथली जनरल मेडिकल कौन्सिल, तुझी डिग्री थेट विद्यापीठाकडनं तपासून घेते, एपिक नावाच्या सिस्टिममधनं, आणि ती विनंती नाशिकला एमयूएचएसकडं (आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं) जाते. नावात फरक असला की ती तिथंच पडून राहते. त्यामुळं आज सगळे कागद एका टेबलावर काढ, नावं शेजारीशेजारी लिही, आणि कुठला एक कागद बदलला तर सगळे जुळतात ते बघ. बहुतेक वेळा पासपोर्ट दुरुस्त करणं सगळ्यात सोपं पडतं. गॅझेट लागत असेल तर ते आत्ताच टाक.

गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुझ्यावर कारवाई नाही असा कौन्सिलचा दाखला) मात्र आत्ता काढू नको. पोरं उत्साहात सगळ्यात आधी तेच काढतात आणि जीएमसीला ते ३ महिन्यांच्या आतलं ताजं लागतं, म्हणजे परत पैसे, परत चकरा. आणि बाँड. सरकारी कॉलेजातनं झालाय म्हणजे एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहेच, ती टाळून पळायचं बघू नको, ती करच, आणि ती करण्यात तुझा फायदा कसाय ते खाली सांगते.

आता एक्सपायरीचं. ओईटी वा आयईएलटीएसचा निकाल २ वर्षं चालतो. प्लॅब १ पास झाल्यापासनं २ वर्षांत प्लॅब २ द्यावी लागते. प्लॅब २ पास झाल्यापासनं २ वर्षांत रजिस्ट्रेशन व्हावं लागतं. म्हणजे तू एकदा रांगेत लागलास की मागनं पट्टा फिरतच असतो, आणि मध्ये नीट पीजीत रँक येऊन कुठं डीएनबी (एमडीच्या बरोबरीची पदवी) मिळाली तर हे सगळं सोडून द्यायचं आणि तीन वर्षांनी पहिल्यापासनं. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारे म्हणूनच सगळ्यात जास्त पैसे घालवतात. प्लॅब १ चे पैसे फार नाहीत, पण प्लॅब २ ची फी हजार पौंडाच्या घरात, वर व्हिजिटर व्हिसा, तिकीट, मँचेस्टरमधली खोली, अकॅडमीची फी, मग रजिस्ट्रेशन, सगळं धरून माझ्या ओळखीतल्या पोरांचे पाच-सहा लाख सहज जातात, आणि ते नोकरी मिळेपर्यंत बसून खाण्याचे पैसे न धरता. पास होऊन सहा-सहा महिने नोकरी शोधणारे डॉक्टर मला दर आठवड्याला मेल करतात.

याच्या उलट एमडी किंवा डीएनबी कधी शिळी होत नाही. आणि एमआरसीपी पार्ट १ पास झालास तर तो ७ वर्षं चालतो. म्हणून तुझ्यासाठी माझ्या डोक्यात जे आहे ते असं: बाँडचं वर्ष घे, मेडिकल ऑफिसर म्हणून ग्रामीण रुग्णालय मिळालं तर उत्तम, पीएचसी मिळालं तरी चालेल. पगार येईल, पेशंट हातात राहतील, गॅप पडणार नाही. त्या वर्षात नीट पीजी परत दे, ब्रँचचा हट्ट मेडिसिन, ॲनेस्थेशिया, पेडियाट्रिक्स, सायकियाट्री एवढ्यात ठेव, आणि डीएनबीला कमी समजू नको. मिळाली तर तीन वर्षं इथं मन लावून कर, एमआरसीपीचा पहिला पार्ट रेसिडेन्सीतच उरक (ॲनेस्थेशिया किंवा सायकियाट्री घेतलीस तर त्यांच्या रॉयल कॉलेजची परीक्षा वेगळी). पूर्ण एमआरसीपी झाली की प्लॅब न देता जीएमसी रजिस्ट्रेशन मिळतं. किंवा एमडीनंतर एमटीआय नावाची स्कीम आहे, रॉयल कॉलेजच्या मार्फत जास्तीत जास्त २ वर्षं तिथं काम करून परत यायचं. त्या वेळी तू अर्ज करशील तेव्हा तुझ्यासमोरचे स्पर्धक ते शेकड्यातले एसएचओ (ज्युनियर डॉक्टर) नसतील, रजिस्ट्रार लेव्हलला अनुभवी माणसाची गरज अजूनही आहे, विशेषतः माझ्यासारख्या कुणाला नको असलेल्या ब्रँचमध्ये. मी स्वतः ट्रेनिंग न करता, अनुभवाच्या पुराव्यांची फाइल देऊन स्पेशालिस्ट रजिस्टरवर गेले, ज्याला तेव्हा सीझर म्हणायचे आणि नोव्हेंबर २०२३ पासनं पोर्टफोलिओ पाथवे म्हणतात. कंटाळवाणं काम आहे, हजारेक पानं जमतात, पण होतं.

आणि परत यायचं मनात असेल तर हे आताच डोक्यात ठेव की नुसती एमआरसीपी इथं एमडी म्हणून चालत नाही. तिथनं पूर्ण स्पेशालिस्ट होऊन आलास तर गोष्ट वेगळी. अर्धवट चार वर्षं ट्रस्ट ग्रेड करून होटगी रोडला बोर्ड लावायला आलास तर बोर्डावर एमबीबीएसच लिहावं लागेल, आणि तुझ्या मागची बॅच तोपर्यंत एमडी होऊन बसलेली असेल.

अमेरिकेचं विचारलंस. तो रस्ता पूर्ण वेगळा आहे, आणि तिथं एक गोष्ट चांगली की जे मिळतं ते थेट रेसिडेन्सी असते, मधली लटकंती नाही. तिथल्या लायसन्स परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप १, २०२२ पासनं फक्त पास-फेल झाला, त्यामुळं सगळा भार स्टेप २ सीकेच्या स्कोअरवर आला. पास झालेली स्टेप परत देता येत नाही, म्हणजे पास झालास पण स्कोअर कमी आला तर तो कपाळावर लिहिला गेला. त्यात तिथं जाऊन महिना-दोन महिने हॉस्पिटलात काम केल्याची शिफारसपत्रं लागतात आणि खर्च पंधरा-वीस लाखांच्या खाली मी तरी कुणाचा बघितला नाही. मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागावाटपात) परदेशी डॉक्टरांपैकी साठ टक्क्यांच्या आतबाहेर लागतात, म्हणजे दहातले चार इतकं सगळं करून परत येतात. व्हिसाचं अजून अवघड झालंय. सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरची फी लावली, आता कुठलं छोटं हॉस्पिटल एका रेसिडेंटसाठी एवढे भरणार? मग उरतो जे-१ व्हिसा, त्यात शिक्षण झालं की दोन वर्षं मायदेशी या अशी अट असते, ती माफ करून घ्यायची तर त्यांच्या खेड्यापाड्यात तीन वर्षं काम. खेड्यात काम करायला तू तयार असशील तर वाईट नाही. पण हे सेकंड-थर्ड इयरपासनं ठरवून करणाऱ्यांचं काम आहे. तुझ्याकडनं आज सुरू केलंस तर रेसिडेन्सीत पाय ठेवायला साधारण तीन वर्षं धर.

आखात: नुसत्या एमबीबीएसला जीपी म्हणून बहुतेक ठिकाणी इंटर्नशिपनंतरचा अनुभव मागतात, डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडनं कागद तपासतात, परीक्षा सोपी आहे, पैसे बरे आहेत, शिकायला काही नाही. कर्ज फेडायला ठीक. जर्मनीला आधी भाषा, बी२ पर्यंत रोजची आणि मग सी१ च्या पातळीची डॉक्टरी जर्मन, तिची वेगळी तोंडी परीक्षा, वर डिग्री समकक्ष नाही म्हणाले तर ज्ञानाची परीक्षा, भाषेला दीड वर्ष द्यायची तयारी असलेल्याला मी हो म्हणते कारण तिथं ट्रेनिंगची जागा नोकरीसारखीच मिळते, वेगळी लॉटरी नाही. ऑस्ट्रेलियाला एएमसीचा (तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या परीक्षेचा) पहिला पेपर सुटतो, नंतर पहिल्या नोकरीचं घोडं तिथंही अडतं, आणि पुढं स्वतंत्र प्रॅक्टिसला मेडिकेअर नंबर (तिथल्या सरकारी विम्यातनं पैसे मिळायला लागतो तो) हवा तर साधारण १० वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागातच काम, असा नियम आहे.

घरच्यांविषयी दोन गोष्टी. तू म्हणाला असशील की आईला एकटं वाटेल, नंतर आईबाबांनाही घेऊन जाऊ. बायको-मुलांना डॉक्टरच्या व्हिसावर नेता येतं, आईवडिलांना ब्रिटनमध्ये कायमचं नेणं जवळजवळ अशक्य आहे, नियम असा आहे की त्यांना इतकी काळजी लागत असली पाहिजे की ती भारतात पैसे देऊनही मिळू शकत नाही. सोलापुरात पैसे देऊन बाई मिळते, म्हणजे संपलं. माझी आई आजारी पडली तेव्हा मी रोटा (ड्युटीचा तक्ता) हातात घेऊन सुट्टी बदलायला लोक शोधत बसले होते, हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं, आधीच माहीत असलेलं बरं. तू एकुलता एक आहेस ना, मग हे बाबांशी आत्ता बोल, तिकीट काढल्यावर नको. दुसरं म्हणजे पाहुण्यांत कुणीतरी डॉ. कोटणीसांचं नाव काढणारच, सोलापूरचा पोरगा बाहेर निघाला की निघतंच ते. ते १९३८ ला चीनला गेले ते जखमी सैनिकांची सेवा करायला, तिथंच १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांचा आदर आहेच पण तुझ्या कर्जाच्या हप्त्याशी त्याचा काही संबंध नाही, तू करिअरसाठी निघालायस आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पगाराचा आकडा सांगून भुलवतात म्हणून तेही. इंग्लंडमध्ये एफवाय२ (डिग्रीनंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरच्या) पातळीला २०२५-२६ मध्ये वर्षाला साधारण ४४ हजार पौंड, रात्रपाळीचे वरनं. रुपयात गुणलं की डोळे फिरतात, पण टॅक्स, खोलीचं भाडं, काउन्सिल टॅक्स, गाडी, परीक्षांच्या फिया जाऊन पहिल्या वर्षी बाबांचं कर्ज फेडायला फार उरत नाही. राहणं वाईट नाही, चांगलंच आहे, आठवड्याचे तास मोजलेले असतात, कुणी सीनियर अंगावर ओरडत नाही, चूक सांगितली तर शिक्षा होण्याआधी ती का झाली हे विचारतात. मी परत आले नाही त्याचं कारण पैसा नव्हता, हे होतं.

राहिली ती एजन्सी. ब्रिटनच्या कायद्यात नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडनं पैसे घ्यायला एजन्सीला बंदी आहे, पैसे हॉस्पिटलकडनं घ्यायचे असतात. म्हणजे जो तुझ्याकडं साडेतीन लाख मागतोय तो एकतर हे जाणत नाही किंवा जाणून मागतोय. एनएचएसच्या जागा सगळ्यांना उघड दिसतात, ट्रॅक आणि एनएचएस जॉब्सच्या साइटवर अकाउंट फुकट उघडतं, तुला आज रात्री उघडता येईल आणि स्वतःच बघता येईल की तुझ्या पातळीच्या जागा किती आहेत आणि किती तासांत बंद होतात. टोकन म्हणून २५ हजार दिलेयस म्हणालास, त्याची पावती आहे का? असेल तर गॅरंटी कशाची, कुठल्या हॉस्पिटलची, नाही मिळाली तर पैसे कधी परत, हे तिन्ही त्यांच्याकडनं मेलवर लेखी माग. फोनवर बोलू नको. उत्तर आलं की मला पाठव, आणि तोपर्यंत शेडचे कागद बाबांना बँकेत न्यायला लावू नको.